टाकीवरचा गवा

"येत्या रविवारी आईला मागं बसवून मी पन्हाळ्याला नेणार! आणि ते पण बाबांच्या येझदी फटफटीवरनं!"

प्रसेनजीतनं ही घोषणा जेवता जेवता केली, पण दबक्या आवाजात. कारण आई पलीकडच्या खोलीत होती आणि तिला हे अचानक कळावं, तिचे डोळे भरून यावेत आणि तिनं आपल्या पाठीवरून हात फिरवावा, असा त्याचा तपशीलवार बेत होता. निशानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आमटीची वाटी खाली ठेवली.

"ती गाडी भिंतीला टेकलीय म्हणून उभी हाय. मागच्या साली तिच्या सीटवर मांजर व्यालं. ती घाट चढणार?"

"इंजिन चालू झालंय, सीट नवी घातलीय, चाकं नवी घातलीत. ऱ्हायलाय फक्त पेट्रोलच्या टाकीवरचा खड्डा."

"मग द्या की कुणाकडं तरी."

"कुणाकडं कशाला? अगं, पाटबंधारे खात्यातला इंजिनियर हाय मी! धरणाची गळती थांबवलेला माणूस! वाटीएवढा खड्डा मला भारी हाय व्हय? नाद करायचा न्हाय!"

धरणाच्या माणसानं धरणाबद्दल बोलावं, टाकीच्या वाटेला जाऊ नये. पण हे शहाणपण प्रसेनजीतला सुचायला अजून आठवडा होता.

प्रसेनजीतचे वडील धोंडीराम पन्हाळ्याच्या तालुका कचेरीत कारकून होते. कोल्हापूर ते पन्हाळा रोज येझदीवरनं जायचे, यायचे, आणि एवढं करून जीव भरत नसल्यासारखे रविवारी बायकोपोराला घेऊन परत पन्हाळ्यालाच जायचे! वर जाऊन झुणका-भाकर खायची, तटावर बसून वारा खायचा आणि दिवेलागणीला घरी यायचं. प्रसेनजीतची जागा ठरलेली. बाबांच्या पुढ्यात, टाकीवर! तोंडात वारा, डोळ्यांत पाणी, आणि उजव्या गुडघ्याशी तो खड्डा. मागं बसलेल्या आईचा हात बाबांच्या बगलेखालून यायचा आणि नेमका त्या खड्ड्यावर विसावायचा. आई आपल्याला धरून बसलीय या भरवशावर प्रसेनजीतनं घाटातली सगळी वळणं हसत पार केली होती.

त्या खड्ड्याचा इतिहासही थोर होता. घाटात तिन्हीसांजेला गवा आडवा आला, त्यानं टाकीवर धडक दिली, पण बाबांनी गाडी पडू दिली नाही! ही हकिकत धोंडीरामांनी अख्ख्या गल्लीला सांगितली होती. प्रसेनजीतनं ती शाळेत सांगितली, पुढं ऑफिसात सांगितली आणि दर सांगण्यागणिक गव्याची शिंगं बोटभर वाढवली.

बाबा गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. तेव्हापासून दर रविवारी एक गोष्ट घडायची. पारूबाई, म्हणजे प्रसेनजीतची आई, सकाळी धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून पडवीत बसायची. खुर्चीचं तोंड रस्त्याकडं नाही, ताडपत्रीकडं. जेवायच्या वेळेला उठून आत यायची. "आई, चल, कारनं पन्हाळ्याला जाऊ," असं म्हटलं की म्हणायची, "नगं. गाडी लागती मला." येझदीवर तिला उभ्या आयुष्यात गाडी लागली नव्हती! प्रसेनजीतला सगळं कळत होतं. तिला पन्हाळा नको होता, तिला ती वाट हवी होती, त्याच गाडीवरून. आणि खरं सांगायचं तर बापाच्या त्या टाकीसाठी त्याचाही जीव तुटत होता. पन्नाशीतल्या माणसाला टाकीवर बसता येत नाही, एवढीच अडचण.

तर मोहिमेला सुरुवात झाली.

मोबाईलवरच्या एका माणसानं सांगितलं होतं की पत्रा गरम करून त्यावर बर्फ लावला की खड्डा "टक्" करून बाहेर येतो. प्रसेनजीतनं निशाचा केस वाळवायचा ड्रायर घेतला, पत्रा गरम केला, बर्फ लावला. टक् असा आवाज आला खरा, पण तो ड्रायरचा होता. त्यानंतर त्यातून वारा आला नाही.

दुसरा माणूस म्हणाला, रबरी पंप लावून ओढा. घरात रबरी पंप एकच होता, संडास तुंबल्यावर लागणारा. तो टाकीला असा काही चिकटला की प्रसेनजीत दांडा धरून ओढतोय आणि टाकी त्याच्यामागं पडवीभर फिरतेय! निशा दारात येऊन बघत उभी राहिली.

"धरणाला बी ह्योच लावलावता का?" तिनं विचारलं.

मग मात्र इंजिनियर जागा झाला. खड्डा बाहेरून ओढायचा नसतो, आतून ढकलायचा असतो! त्यानं स्वयंपाकघरात जाऊन आईचं जुनं लोखंडी उलथनं आणलं, टाकीच्या तोंडातून तिरकं करून आत सारलं आणि सगळा जोर लावला. हात सटकला. उलथनं खडाड् करून टाकीच्या पोटात गेलं. आता ते आत आडवं पडलं होतं आणि तिरकं व्हायला काही केल्या तयार नव्हतं. टाकी उलटी केली, हलवली, झोडपली. लेझमासारखा आवाज यायचा, उलथनं यायचं नाही.

शेवटी त्यानं टाकी पोत्यात घातली, रिक्षात टाकली आणि उद्यमनगर गाठलं. जाताना पडवीतून आईनं पाहिलं. पोतं पाहिलं, पोत्यातून दिसणारा टाकीचा निळा कोपरा पाहिला आणि ती पाठ फिरवून आत गेली.

उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या वर्कशॉपांच्या वस्तीत, इलाही मिस्त्रींचं टाक्या दुरुस्त करायचं दुकान होतं. सत्तरी ओलांडलेला, पांढऱ्या दाढीचा, बोलका माणूस. त्यांनी पोतं उघडलं आणि टाकीवर थापच मारली.

"आरं, ही तर धोंडीरामभाऊंची गाडी! नवी कोरी असताना बसलोय मी हिच्यावर! तू त्यांचा पोरगा व्हय? आणि ह्यो त्यो गव्याचा खड्डा! पुढच्याच आठवड्यात सांगत आलतं भाऊ, गव्यानं मारली म्हणून."

मिस्त्रींनी खड्ड्यावर बोट फिरवलं, एक डोळा मिटून पाहिलं, मान डोलवली.

"मादी हुती."

"काय?"

"गवा न्हवं, मादी. नर मारतो त्यो कसाबी मारतो. ह्यो मार बघ कसा नेमका बसलाय! मनात राग धरून मारलाय. मादीच!"

प्रसेनजीत या विद्वत्तेनं गार पडला. इतक्यात मिस्त्रींनी टाकी हलवली.

"आत काय वाजतंय?"

"उलथनं."

मिस्त्रींनी त्याच्याकडं पाहिलं. उद्यमनगरात माणूस सगळं बघून बसलेला असतो, पण टाकीत उलथनं त्यांना नवीन होतं. "आता खालनं पत्रा कापायलाच लागणार," ते म्हणाले. "कापलाय तर आतनं ठोकून खड्डा बी काढतो. रंग मारून देतो. असली चकचकीत करतो, की धोंडीरामभाऊ वरनं बघून म्हणतील, ही माझी न्हवंच!"

हे वाक्य प्रसेनजीतनं तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

इकडं घरी पारूबाईनं बोलणं टाकलं. जेवायची अर्धी भाकरी. विचारलं तर "भूक न्हाय." प्रसेनजीतनं निदान केलं, आईचं उलथनं हरवलंय म्हणून ती रुसलीय! तो बाजारातून नवं उलथनं घेऊन आला. आईनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. हे पितळी म्हणून आवडलं नसेल! त्यानं लोखंडी आणलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं लाकडी मुठीचं आणलं. तेव्हा मात्र पारूबाई उठून आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

"आईला काय झालंय ते विचारा, भांडी कसली आणताय!" निशा म्हणाली.

"तू बघ शुक्रवारी. नुसती बघच!"

शुक्रवारी टाकी आली. निळा रंग असा, की वाकून बघितलं तर भांग पाडता यावा! प्रसेनजीतनं ती गाडीवर बसवली, ताडपत्री घातली, आईला हाताला धरून पडवीत आणलं आणि जादूगारासारखी ताडपत्री ओढली.

पारूबाई बघतच राहिली.

"म्हंजे... भंगारात न्हाय घातलीस?"

"भंगारात? मी? बाबांची गाडी?"

"मग पोत्यात घालून कुठं नेलतीस? म्या म्हणलं, एकेक भाग काढून विकतोय. गाडी विकून मला उलथनी आणून देतोय म्हणलं!"

"मला वाटलं उलथन्यासाठी रुसलीस!"

"उलथन्यासाठी कोण रुसतंय रं, येड्या!"

दोघंही हसली. प्रसेनजीतचा बेत अगदी ठरल्याप्रमाणं चालला होता. आईचे डोळे भरले होते, तिचा हात उठला होता. पण तो त्याच्या पाठीवर न येता टाकीवर गेला. टाकीच्या उजव्या अंगावरून पुढं गेला, मागं आला, परत पुढं गेला. चष्मा पडल्यावर माणूस अंधारात चाचपडतं तसा तो हात चाचपडत होता. मग थांबला.

"खड्डा कुठाय?"

"काढला!" प्रसेनजीत छाती फुगवून म्हणाला.

"कुणाला इचारून?"

"अगं आई, गव्यानं पाडलेला खड्डा, त्यात विचारायचं काय?"

"कसला गवा न् कसलं काय!" पारूबाई खुर्चीत बसली. "त्या घाटात तवा कुत्रं बी आडवं येत नव्हतं. त्यो खड्डा माझा हुता. बत्ता मारलाय म्या."

प्रसेनजीतच्या कानात मिस्त्रींचा आवाज घुमला. मनात राग धरून मारलाय. मादीच!

आणि मग त्या माउलीनं इतकी वर्षं पोटात ठेवलेली हकिकत सांगितली. गाडी नवी आली तेव्हा धोंडीरामांनी तिला शब्द दिला होता, पहिल्या रविवारी तुला मागं बसवून पन्हाळ्याला नेतो. ती पहाटेपासून आवरून बसली. आणि हा माणूस कुणा दोस्ताला मागं टाकून निघून गेला! संध्याकाळी आला तो शीळ घालत. पारूबाई खलबत्त्यात चटणी कुटत होती.

"शीळ ऐकली आणि हातातला बत्ता भिरकावला. मारायचा हुता त्यास्नी. नेम चुकला, टाकीला बसला. शेजारीपाजारी पळत आलं. तर ह्येनी काय म्हणावं? 'घाटात गवा आला हुता, त्याचा खड्डा हाय.' बायकूला कुणी नाव ठिऊ नये म्हणून! दोस्ताचं नाव मातर मला शेवटपतूर सांगितलं न्हाय. दर ऐतवारी पन्हाळ्याला न्यायचं सुरू केलं ते त्या बत्त्यापासनं. लोकांत नवऱ्याला कसं धरायचं रं? लाज वाटायची. मग माझा हात घ्यायचं आन् खड्ड्यावर ठेवायचं. म्हणायचं, धर, ही तुझ्या हक्काची जागा. चार बोटं बरोबर बसायची."

तिनं चार बोटं टाकीवर टेकवली. ती घसरून खाली आली.

"लई झ्याक झालीया गाडी," ती हळूच म्हणाली. "पर ही त्येंची न्हवं. तू जा पन्हाळ्याला. मला न्हाय यायचं."

प्रसेनजीतला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी गाडी घेऊन तो थेट मिस्त्रींच्या दारात.

"चाचा, खड्डा परत पाडून द्या!"

मिस्त्रींच्या हातातला चहा हिंदकळला. "आरं, जन्म गेला माझा खड्डं काढण्यात. पाडायला आलेला तू पहिलाच! रस्त्याच्या कंत्राटदाराकडं जा की, त्यास्नी सराव हाय!"

"चाचा, आईसाठी."

एवढ्यात दुकानासमोर माणसं जमली. कोल्हापुरात गाडीचा बॉनेट उघडायला चार माणसं लागतात आणि सल्ला द्यायला चाळीस. एक म्हणाला, दगडावर आपटा. दुसरा म्हणाला, माझ्या मेव्हण्याला चालवायला द्या, चौकापर्यंत जाऊन आला की पाहिजे तिथं खड्डा! मिस्त्रींनी हातोडी उचलली, डोळे मिटले, पण नव्या रंगावर काही केल्या हात पडेना. शेवटी जी मारली ती इतक्या प्रेमानं, की टाकीला गुदगुल्यासुद्धा झाल्या नसतील.

"सरका बाजूला!"

गर्दी फाटली. रिक्षातून पारूबाई उतरत होती. मागं निशा, आणि पारूबाईच्या हातात पिशवी. पिशवीतून तिनं लोखंडी बत्ता काढला.

"माझा खड्डा हाय, म्या पाडणार."

मिस्त्री डोळे फाडून कधी बत्त्याकडं, कधी टाकीकडं बघायला लागले. "म्हंजे... गवा..."

"म्याच त्यो!"

पारूबाईनं बत्ता उगारला. हात वर गेला आणि तसाच खाली आला. तिनं परत उगारला, परत खाली आला. मग ती टाकीवर कपाळ टेकून उभी राहिली.

"राग येईना रं," ती म्हणाली. "कुणावर काढू? राग यायला समोर माणूस लागतं. त्येच गेलं, आता बत्ता मारू कुणाला?"

प्रसेनजीतला वाटलं, आपण लहान असतो तर बरं झालं असतं, इथंच भोकाड पसरता आलं असतं. बघ्यांतल्या एकानं टोपी काढली. त्याला वाटलं कुणीतरी गेलंय. तसं बघितलं तर त्याचं चुकलं नव्हतं.

तेवढ्यात इलाही मिस्त्री घसा खाकरून टाकीपुढं येऊन उभे राहिले.

"वैनी, एक सांगू का? धोंडीरामभाऊंनी कसम घातलीती म्हणून आजवर बोललो न्हाय. त्या पहिल्या ऐतवारी भाऊंनी मागं बसवून नेलं, त्यो दोस्त..."

"कोण?"

"मीच की."

पारूबाईनं कपाळ उचललं आणि ती चार पावलं मागं सरली.

"काय झालं, म्या म्हणलं, भाऊ, चक्कर मारा की एक! एक म्हणता म्हणता पन्हाळाच गाठला. काय झुणका हुता, वैनी! वर घट्ट दही! भाऊ दोनदा म्हणलं, घरी पारू वाट बघत असंल. म्याच म्हणलं, बसू द्या हो, बायका वाट बघायलाच..."

"तूच व्हय रं त्यो, मुडद्या!"

बत्ता सुटला! मिस्त्री या वयात इतक्या चपळाईनं खाली बसतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. बत्ता त्यांच्या टोपीवरून गेला आणि खण्ण्! नव्या कोऱ्या निळ्या टाकीवर, उजव्या बाजूला. रंगाचे टवके उडाले. जुन्या जागेपासून वीतभर पुढं एक झकास खड्डा पडला होता.

पारूबाईला धाप लागली होती. गाल लाल झाले होते. प्रसेनजीतनं कित्येक वर्षांत तिला असं बघितलं नव्हतं.

"नेम तवा बी चुकलाच हुता," ती म्हणाली आणि पुढं होऊन तिनं चार बोटं खड्ड्यात टेकवली. बोटं बसली.

मिस्त्री जमिनीवरूनच रंगाच्या टवक्यांकडं बघत म्हणाले, "सांगितलं नव्हतं? मादीच!"

रविवारी येझदी निघाली. प्रसेनजीत पुढं, मागं एका अंगानं बसलेली पारूबाई, डोक्यावर पदर आणि पदरावर हेल्मेट. खड्डा वीतभर पुढं गेल्यामुळं हात पुरवायला तिला जवळ सरकून बसावं लागलं होतं. तिचा हात लेकाच्या बगलेखालून आला आणि टाकीवर विसावला. प्रसेनजीतच्या डोळ्यांत वारा गेला, निदान त्यानं तसं धरून चालायचं ठरवलं.

"आई, लहानपणी मी टाकीवर असायचो न्हवं, तवा असाच मला धरून बसायचीस!"

"तुला?" मागून आवाज आला. "तुला तुझं बाबा धरायचं की. म्या खड्डा धरायची."

पन्नास वर्षांची समजूत घाटाच्या पहिल्याच वळणावर खाली पडली! पण हात तिथंच होता, म्हणून त्यानं गाडी चालवत ठेवली. आई मागं काहीतरी गुणगुणत होती. जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं, ती शीळ घालायचा प्रयत्न करत होती. बाबांची शीळ. तिला जमत नव्हती, नुसता वारा येत होता, पण चाल तीच होती.

घाटात वाघबीळाच्या पुढं गाडीनं आचका दिला, दुसरा दिला आणि ती बंद पडली. प्रसेनजीतनं उतरून पाहिलं. बत्त्याच्या दणक्यानं टाकीचा सांधा उकलला होता आणि नव्या खड्ड्याखालून पेट्रोल गळत होतं. धरणाची गळती थांबवलेला माणूस टाकीच्या सांध्यावर अंगठा दाबून भर रस्त्यात उकिडवा बसला. अंगठा काढला की गळती सुरू! वरून झुणक्याचा वास येतोय असा त्याला भास झाला.

मोटरसायकलवरून दोन तरुण पोरं आली, थांबली.

"काय झालं, पावणं? टाकीला काय झालं?"

प्रसेनजीत तोंड उघडणार, त्याआधीच पारूबाईनं हेल्मेट काढून पदर सारखा केला.

"गवा आला हुता," ती म्हणाली.

"आयला! दिवसाढवळ्या? केवढा?"

पारूबाईनं दोन्ही हात पसरले, जेवढे पसरतील तेवढे. "ह्यो येवढा! सरळ टाकीवरच आला. पर ह्येनी गाडी पडू दिली न्हाय."

हे "ह्येनी" म्हणताना ती लेकाकडं बघत नव्हती. घाटाच्या वरच्या वळणाकडं बघत होती, आणि तिथं कुणी नव्हतं.

पोरांनी प्रसेनजीतकडं आदरानं पाहिलं. "खरं का हो, काका?"

प्रसेनजीतनं अंगठा आणखी घट्ट दाबला.

"खरं तर," तो म्हणाला, "मादी हुती."